मिल्टन आणि कीट्स, दोघांचाही अभ्यास करून प्राध्यापक होता येते का?

मिल्टनचे सतरावे शतक आणि कीट्सचा रोमँटिक काळ (एकोणिसाव्या शतकाची सुरुवात) अशा दोन काळांतील इंग्रजी कवितेवर संशोधन केले तर तो विखुरलेपणा मानला जाईल का, आणि मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याने या वाटेला जावे का, असे आपण विचारले आहे. पुण्यात मी जवळपास तीस वर्षे हीच कविता शिकवली.

माझ्या दृष्टीने हे दोन विषय नाहीतच. मिल्टनचे ‘पॅरडाइज लॉस्ट’ हे महाकाव्य १६६७ साली छापले गेले आणि पुढे सव्वाशे-दीडशे वर्षांनी ब्लेक, वर्ड्‌स्वर्थ, कीट्स हे सगळे मिल्टनला समोर ठेवून लिहीत होते. कीट्सने त्या काव्याच्या आपल्या प्रतीत खुणा आणि टिपणे करून ठेवली होती. ‘हायपीरियन’ हे स्वतःचे काव्य त्याने अपुरे ठेवले, ते नव्याने लिहायला घेतले आणि सप्टेंबर १८१९ मध्ये तेही सोडून दिले; त्यात मिल्टनच्या धाटणीची, शब्दांचा नेहमीचा क्रम उलटवणारी वाक्यरचना फार झाली, असे कारण त्याने मित्राला पत्रातून कळवले. या एका वाक्यावर माझा प्रबंध उभा राहिला. तेव्हा आपल्या विषयाचे शीर्षक दोन कालखंडांवर न बेतता एका कवीने दुसऱ्याला कसे वाचले या प्रश्नावर बेतावे.

नोकरीचे म्हणाल तर नेट किंवा सेट ही प्राध्यापकपदासाठीची पात्रता परीक्षा लवकर उत्तीर्ण व्हा. महाराष्ट्राची सेट परीक्षा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठच घेते. पीएच.डी. झाली तरी कायम जागा लगेच मिळेल असे धरून चालू नये. मी स्वतः सहा वर्षे तासिका तत्त्वावर शिकवले, आणि एका महाविद्यालयात मानधन वर्ष संपल्यावर हाती पडले. त्या काळात घरखर्चाची दुसरी सोय असणे फार गरजेचे असते.

मराठी माध्यमाची धास्ती मात्र बाळगू नका. ‘पॅरडाइज लॉस्ट’चे पहिले वाक्य ‘अमुक गोष्टीविषयी’ असे सुरू होते आणि ‘गा’ हे मुख्य क्रियापद थेट सहाव्या ओळीत येते. एम.ए.च्या वर्गात मी ही रचना किती अवघड आहे हे समजावत असताना जुन्नरकडची एक विद्यार्थिनी म्हणाली, “सर, पण क्रियापद शेवटीच येणार ना?” मराठी वाक्यात क्रियापदाची वाट पाहण्याची सवय तिच्या कानाला होतीच; त्यामुळे जी रचना इंग्रजीच्या प्रकृतीला मानवत नाही असे कीट्सला वाटले, तिच्यात तिला काहीच खटकले नाही. तिला अडले ते बायबलमधील संदर्भांपाशी. त्या दिवसापासून मी वाक्यरचनेवरचा तास कमी केला आणि तो वेळ ज्या आदम-हव्वेच्या कथेवर हे काव्य उभे आहे ती सांगणारे उत्पत्तीच्या पुस्तकातील पहिले तीन अध्याय मराठी बायबलमधून वाचून दाखवण्याला दिला. आपणही सुरुवात तिथूनच करावी.