वाचक विचारतात : स्टॉकटनचा विक्रम अजून का टिकून आहे?

प्रश्न : एनबीए या अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये सर्वाधिक असिस्टचा विक्रम जॉन स्टॉकटन या पॉइंट गार्डच्या, म्हणजे चेंडू पुढे नेऊन संघाची चढाई आखणाऱ्या खेळाडूच्या, नावावर आहे. त्याला एकदाही विजेतेपद मिळाले नाही, अंगकाठीही साधारणच होती. तरीही त्याची कारकीर्द इतकी थोर का मानली जाते?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : ज्या पासवर सहकारी थेट बास्केट करतो, त्या पासची नोंद असिस्ट म्हणून होते. पास कितीही अचूक असला, तरी सहकाऱ्याचा नेम चुकला तर पॉइंट गार्डच्या खात्यात काहीच जमा होत नाही. स्टॉकटनच्या खात्यात असे १५,८०६ पास आहेत. या आकड्याची उंची एका साध्या हिशोबाने कळेल : एखादा खेळाडू सलग १९ हंगाम, हंगामातील ८२ पैकी एकही सामना न चुकवता, प्रत्येक सामन्यात १० असिस्ट देत राहिला, तरी तो १५,५८० वरच थांबेल.

स्टॉकटनही १९ हंगाम खेळला, तेही एकाच युटा जॅझ संघाकडून. त्या काळात संघाच्या साखळीतील १,५२६ सामन्यांपैकी तो १,५०४ खेळला. जे २२ चुकले, त्यांपैकी १८ एकट्या १९९७-९८ च्या हंगामात, गुडघ्याच्या शस्त्रक्रियेमुळे. मला त्याच्या कारकिर्दीतील ही हजेरीच सर्वांत विलक्षण वाटते, कारण जेमतेम सहा फूट एक इंच उंचीचा हा खेळाडू धिप्पाड बचावपटूंच्या गर्दीत रोज धक्के खात होता.

आरंभ मात्र झगमगाटाचा नव्हता. स्पोकेन या आपल्याच गावच्या गोंझागा विद्यापीठातून आलेल्या स्टॉकटनला १९८४ मध्ये नवोदित खेळाडूंच्या वार्षिक निवडीत (ड्राफ्टमध्ये) जॅझने सोळाव्या क्रमांकावर निवडले आणि पहिले तीन हंगाम तो बहुतेक वेळा रिकी ग्रीनच्या जागी बदली म्हणून उतरत असे. १९८७-८८ मध्ये तो नियमितपणे सुरुवातीच्या पाचांत आला आणि त्याच हंगामात त्याने १,१२८ असिस्ट दिले. तेव्हापासून सलग नऊ हंगाम तो असिस्टच्या यादीत पहिला राहिला.

या यशात जॅझमधील त्याचा सहकारी कार्ल मलोनचा वाटा फार मोठा आहे. मलोन पुढे येऊन स्टॉकटनच्या बचावपटूच्या वाटेत उभा राहायचा, म्हणजे स्क्रीन लावायचा. स्टॉकटन त्याला अगदी घासून निघाला की बचाव करणाऱ्या दोघांपुढे पेच पडायचा : चेंडूमागे धावावे, तर बास्केटकडे वळलेला मलोन मोकळा, मलोनला धरावे, तर स्टॉकटनला नेम साधायला जागा. ही चाल प्रतिस्पर्ध्यांना तोंडपाठ होती, तरी ती थोपवता येत नव्हती, कारण निर्णयाचा क्षण स्टॉकटन ठरवत असे.

विजेतेपदाची खंत खरी आहे. २९ मे १९९७ रोजी ह्यूस्टनविरुद्ध १००-१०० अशी बरोबरी असताना त्याने अखेरच्या क्षणी तीन गुणांची बास्केट करून जॅझला प्रथमच अंतिम फेरीत नेले. तेथे मात्र त्या वर्षी आणि पुढच्याही वर्षी शिकागो बुल्सने त्यांना ४-२ असे हरवले. परंतु त्या पराभवांवरून पॉइंट गार्डला जोखणे मला अन्यायाचे वाटते. त्याच्या जुन्या सामन्यांची चित्रफीत मिळाली, तर चेंडू सोडून एकदा फक्त त्याच्याकडे पाहा. पास हातातून सुटण्यापूर्वीच सहकारी कोठे पोहोचणार आहे, हे त्याने हेरलेले आपल्याला दिसेल.