टीम लीड झालायस ना, मग हे ऐक

अभिनंदन रे, पण लगेच साहेबगिरी सुरू करू नकोस. मी केली होती, सॉफ्टवेअर रिलीजच्या आदल्या रात्री एक ज्युनियर पोरगी सांगत होती बिल्डमध्ये, म्हणजे क्लायंटला द्यायच्या तयार सॉफ्टवेअरमध्ये घोळ आहे, मी म्हटलं वर शब्द दिलाय आता गप्प बस, आणि पहाटे 3 ला क्लायंटचा फोन! टोयोटाच्या कारखान्यात दोष दिसला की साधा कामगारपण दोरी ओढतो, लीडर धावत येतो, वेळेत सुटलं नाही तर लाइनच थांबते. आपल्याकडे टपरीवर सगळे खरं बोलतात अन् मीटिंगमध्ये नुसतं येस सर. म्हणून तू शेवटी बोल, आधी नवख्याला विचार. आणि वर मेल टाकताना ज्याचं काम त्याचं नाव लिही, सीसीत पण ठेव, मॅनेजरला आवडो न आवडो.