तिनं तुरीचं खोड उभं चिरलं आणि तुम्ही त्याची तक्रार करताय

परतूरकडच्या एका वडिलांचं चार पानी पत्र आलंय. थोडक्यात असं, मुलीची बारावी झाली, लातूरला ठेवून नीटचे दोन अटेम्प्ट झाले, पहिल्यांदा ३८९ आणि यंदा ४३१, आता तिसऱ्यांदा लातूरलाच ठेवू का कोट्याला पाठवू, पैशाचं बघून घेतो, दोन एकर काढायची तयारी आहे. आणि मुलगी म्हणते मला डॉक्टर व्हायचंच नाही, झाडं आजारी का पडतात त्यावर संशोधन करायचंय. "तिला जरा समजावून सांगा, तुमचं ऐकेल."

भाऊ, राग मानू नका, पण तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि त्यात सगळ्यात जास्त वेळा आलेला माणूस तुमची मुलगी नाही, तुमच्या साडूचा मुलगा आहे. तो संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात एमबीबीएसला आहे हे पाच ठिकाणी आलंय, मोजलं मी. मुलीचं नाव मात्र एकदाही नाही. दोन वर्ष ती लातूरच्या रूमवर काय खाते, झोपते का, फोनवर रडते का, यातलं काहीच नाही, नुसते मार्क. साडूच्या घरासमोरून जाताना मान खाली घालावी लागते असं तुम्ही लिहिलंय, ते मी समजू शकतो, पण ती मान वर करायचं काम १९ वर्षाच्या लेकरावर कशाला टाकता? आणि दोन एकर विकून तिसऱ्यांदा बसवली तर ती पेपर सोडवताना केमिस्ट्रीचा विचार करेल का त्या दोन एकराचा, तुम्हीच सांगा.

आता तिसऱ्या पानावर या. तिथं तुम्ही तक्रार म्हणून लिहिलंय, दिवाळीला घरी आली तर पुस्तक सोडून शेतात जाऊन बसली, वाळलेली तुरीची झाडं उपटली, विळ्यानं खोडं उभी चिरत बसली, मोबाईलवर फोटो काढले, सालदार हसला. वर तुम्हाला शिकवायला लागली की त्या खालच्या तुकड्यात पुढच्या साली तूर घेऊ नका, ज्वारी घ्या. आणि विचारत होती, आपल्या जुन्या बियाण्याची तूर वाळली मग बांधापलीकडची बीएसएमआर ७३६ वाणाची तूर हिरवी कशी राहिली, माती तर एकच आहे.

अख्ख्या पत्रात तुमची मुलगी मला तेवढीच दिसली हो. मर रोगात खोड उभं चिरलं की सालीखाली काळपट तपकिरी रेघा दिसतात, बुरशी मुळातून शिरते आणि पाणी वर नेणाऱ्या नळ्याच बंद पाडते, म्हणून रानात ओल असून झाड वाळतं. हे बघायला खोड चिरावंच लागतं, कुणी न सांगता तिनं चिरलं. ती बुरशी धसकटात आणि मातीत काही वर्ष टिकते, तेव्हा ज्वारीचा फेरपालट घ्या हा सल्ला बरोबरच आहे. माणसं हसली म्हणता, हसू द्या.

आणि तिनं विचारलेला प्रश्न साधा नाही. अमेरिकेत नॉर्थ डकोटात फार्गो म्हणून गाव आहे, तिथं हॅरल्ड फ्लोर नावाचा शास्त्रज्ञ १९३१ पासून जवसाच्या तांबेऱ्यामागे लागला होता, तेच जवस ज्याची चटणी आपल्याकडं भाकरीवर असते. काही वाणांवर तांबेरा यायचा, काहींवर नाही, का? बाकीचे बहुतेक झाडाकडंच बघत होते, यानं जवसाचा संकर जवसाशी केला आणि बुरशीचा बुरशीशी, दोन्हीकडच्या पिढ्या मोजल्या. त्यातून १९४० च्या दशकात त्यानं मांडलं की झाडात ओळखणारा एक जीन, म्हणजे जनुक, असतो आणि बुरशीत ओळखू येणारा एक, ही जोडी जमली की झाड वाचतं. डीएनएचं कोडं तेव्हा सुटलेलंही नव्हतं. जवसातला असा एक जीन प्रत्यक्ष हातात आला १९९५ ला, ऑस्ट्रेलियात. बुरशी आपलं रूप बदलते, कालचा प्रतिकारक वाण उद्या पडतो, त्यामुळे हे काम संपत नाही.

तुमचा एक गैरसमज मात्र काढायलाच पाहिजे. तुम्ही लिहिलंय, "झाडाच्या रोगात काय संशोधन करायचं, दुकानदार देतो ते औषध मारायचं, शेवटी कृषी सेवा केंद्रच टाकणार ना." नाही. औषध आपण मारतो, त्याच्या कितीतरी आधी झाड स्वतः लढत असतं. त्याला रक्त नाही, आपल्यासारख्या फिरणाऱ्या पांढऱ्या पेशी नाहीत, त्यामुळे प्रत्येक पेशीलाच राखण करावी लागते. जंतूचा एखादा तुकडा पेशीच्या बाहेरच ओळखला जातो, त्यातूनही कुणी आत घुसलाच तर त्या जागेच्या पेशी स्वतःच मरून जातात, शेजारचं गवत जाळून वणवा अडवावा तसं. प्रतिकारक पानावर बारीक करपलेला ठिपका दिसतो ना, तो बऱ्याचदा हाच. मग झाडात सॅलिसिलिक ऍसिड नावाचं इशारा देणारं रसायन वाढतं आणि लांबची पानंही सावध होतात. १९७९ साली इंग्लंडमध्ये तंबाखूच्या पानात ऍस्पिरिन टोचलं तर मोझॅक विषाणूला पान जास्त टक्कर देऊ लागलं, ऍस्पिरिन त्याच सॅलिसिलिकच्या घरातलं. (म्हणून उद्या तुरीवर ऍस्पिरिन फवारायला जाऊ नका, व्हॉट्सऍपवर तसलं येतं.) दुकानातल्या डब्याचा आणि या अभ्यासाचा संबंध एवढाच, की हे नीट कळलं तर डबे कमी लागतील.

रस्ता काही अवघड नाही. तिनं तुम्हाला न सांगता सीईटी दिली आणि ९१ पर्सेंटाइल आणले हेही तुम्ही तक्रार म्हणूनच लिहिलंय, तर त्यावर बीएस्सी ऍग्री किंवा लातूरच्या कृषी जैवतंत्रज्ञान कॉलेजचा फॉर्म भरा, पुढं वनस्पती रोगशास्त्रात एमएस्सी, मग पीएचडी, झालं.

पण गोड गोड सांगणार नाही. दहा वर्ष जातात. नेट-जेआरएफ ही संशोधनासाठीची परीक्षा निघाली तर महिन्याला ३७ हजार फेलोशिप मिळते, नाही निघाली तर ओढाताण असते. शास्त्रज्ञाच्या जागा थोड्या, भरती रखडते, ऍग्रीची बरीच पोरं म्हणूनच शेवटी एमपीएससीकडं वळतात. हे तिलाही वाचायला द्या. आणि तिलाही माझा एक प्रश्न आहे, तुला खरंच तूर बोलावते का नीट नकोय म्हणून तूर? दोन्ही असेल तरी चालेल, पण तुझं तुला माहीत पाहिजे.

तेव्हा भाऊ, लातूर का कोटा याचं उत्तर मी देत नाही. तुम्ही दोघं एक दिवस बदनापूरला जा, जालन्याच्या पुढं आहे, तिथल्या संशोधन केंद्रातूनच ती बीएसएमआर ७३६ आलीय. तिच्या मोबाईलमधले ते फोटो डिलीट झाले नसतील तर तिथल्या रोगशास्त्रज्ञाला दाखवू द्या, आणि तुम्ही जरा बाजूला उभे राहा, बोलणं तिला करू द्या. ते दोन एकर विकू नका. पेरणी तोंडावर आलीय, खालच्या तुकड्यात यंदा ज्वारी टाका, ती म्हणते तशी.