रात्रीची वीज कोठून आणणार? ॲल्युमिनियम कारखान्याविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : अमेरिकेत बंद पडलेले ॲल्युमिनियमचे कारखाने स्वच्छ विजेवर पुन्हा सुरू करावेत आणि स्थानिकांना काम द्यावे, अशी मागणी होत असल्याचे वाचनात आले. आमच्याकडे कोळसा आहे, औष्णिक वीज केंद्र आहे, उन्हाची तर कमतरताच नाही. तरी मुले कामासाठी पुण्याची वाट धरतात. असा कारखाना आमच्या भागात का उभा राहू नये?
— एक शिक्षक, भद्रावती तालुका, जि. चंद्रपूर

उत्तर : आपण विचारले ते रास्तच आहे. मात्र ॲल्युमिनियमचा कारखाना कोठे टिकतो, हे खनिजापेक्षा वीज ठरवते. चार ते पाच टन बॉक्साइट या खनिजापासून सुमारे दोन टन ॲल्युमिना ही पांढरी पूड मिळते आणि तिच्यापासून एक टन धातू निघतो. हा शेवटचा टप्पा पार पाडण्याची रीत १८८६ साली अमेरिकेत हॉल यांनी आणि फ्रान्समध्ये हेरू यांनी, एकमेकांना न कळता, शोधून काढली आणि आजही जगभर तीच वापरली जाते. सुमारे ९६० अंश सेल्सिअस तापमानाच्या वितळलेल्या क्रायोलाइट या क्षारात ॲल्युमिना विरघळवून त्यातून प्रचंड विद्युतप्रवाह सोडतात. एका टनामागे साधारण १४,००० युनिट वीज लागते. महिन्याला १०० युनिट वापरणाऱ्या आपल्या गावातील एखाद्या घराला तेवढी वीज साडेअकरा वर्षे पुरेल.

त्याहून अवघड अट अशी की ही वीज खंडित होऊन चालत नाही. ज्या भट्ट्यांत हे काम चालते त्यांना पॉट म्हणतात आणि असे शेकडो पॉट एकाच मालिकेत जोडलेले असतात. चार-पाच तास प्रवाह थांबला की आतला रस गोठू लागतो आणि एकदा गोठलेली मालिका पुन्हा चालू करण्यात कित्येक महिने जातात. आपल्या शेतकऱ्याने कृषिपंपासाठी भारनियमनाच्या पाळ्या सोसल्या, रात्री-बेरात्री बांधावर जाऊन मोटार सुरू केली. पॉटला अशी पाळी लावता येत नाही.

अमेरिकेचे उदाहरण या दृष्टीने नीट पाहण्यासारखे आहे. १९८० च्या सुमारास तो देश वर्षाला ४५ लाख टनांहून अधिक ॲल्युमिनियम तयार करत होता आणि तेथे तीसहून अधिक कारखाने होते. २०२४ मध्ये त्यांपैकी अवघे चार चालू होते. वॉशिंग्टन राज्यातील फर्नडेल येथील कारखाना १९६६ मध्ये कोलंबिया नदीवरील धरणांच्या स्वस्त जलविद्युतेच्या भरवशावर सुरू झाला. २०२० मध्ये तो थांबला आणि सुमारे ७०० जणांचे काम गेले. पुढे तो विकत घेऊन चालवण्यास गुंतवणूकदार पुढे आले, कामगार संघटनाही त्यांच्या पाठीशी उभी राहिली, परंतु परवडणाऱ्या दराने स्वच्छ विजेचा दीर्घ मुदतीचा करार होऊ शकला नाही आणि २०२३ मध्ये तो कायमचा बंद झाल्याचे जाहीर करण्यात आले. जून २०२५ मध्ये अमेरिकेने बहुतेक देशांतून येणाऱ्या ॲल्युमिनियमवर ५० टक्के कर लावला. अशा कराने बाहेरचा माल महागतो, घरची वीज मात्र स्वस्त होत नाही.

आता आपल्याकडे पाहू. भारतात या धातूचा तुटवडा नाही. चीनखालोखाल सर्वाधिक ॲल्युमिनियम भारतातच तयार होते. हिराकुडचा कारखाना १९५९ मध्ये तेथील धरणाच्या विजेवर सुरू झाला होता, पण आज देशातील हे उत्पादन प्रामुख्याने कोळशावर चालते. ओडिशात अंगुल येथे नाल्को या सरकारी कंपनीने कारखान्यासाठी स्वतःचे १,२०० मेगावॉटचे औष्णिक केंद्र बांधले आहे. कोळशाच्या विजेवर केलेल्या एका टन ॲल्युमिनियममागे पंधरा टनांहून अधिक कार्बन डायऑक्साइड हवेत जातो आणि युरोपीय संघाने जानेवारी २०२६ पासून आयात ॲल्युमिनियमवर कार्बन शुल्क लागू केले आहे, मात्र विजेपोटी होणारे उत्सर्जन त्यात अद्याप धरलेले नाही. चंद्रपूरच्या माणसाने २,९२० मेगावॉटच्या वीज केंद्राची राख इतकी वर्षे श्वासात घेतली आहे. आणखी एक कोळसाखाऊ कारखाना त्याच्या दारात आणावा, असे मी म्हणणार नाही.

विदर्भात बॉक्साइट नाही, ही अडचण त्या मानाने किरकोळ आहे. आइसलँडमध्येही ते नाही, तरीही आयात केलेल्या ॲल्युमिनावर आणि स्वतःच्या जलविद्युत व भूगर्भातील उष्णतेच्या विजेवर तेथे तीन कारखाने चालतात. त्यांची ती वीज रात्रंदिवस मिळते, आपले ऊन संध्याकाळी मावळते. वर्षाला एक लाख टनांचा, म्हणजे आजच्या मानाने लहानच कारखाना घेतला तरी त्याला १४० कोटी युनिट, अर्थात अहोरात्र १६० मेगावॉट वीज लागेल. पेंच नदीवरील तोतलाडोहच्या जलविद्युत केंद्राची पूर्ण क्षमता नेमकी तेवढीच आहे आणि ते केंद्र काही बारमाही पूर्ण क्षमतेने चालत नाही. तेवढी वीज निव्वळ सौर पॅनेलांतून घ्यायची तर ८५० ते ९०० मेगावॉटचे प्रकल्प आणि त्यासाठी साडेतीन ते साडेचार हजार एकर जमीन लागेल. शिवाय दिवसा साठवलेली वीज रात्रभर पुरवण्याची सोय वेगळीच करावी लागेल. हे अशक्य नाही. परंतु विजेचा पंचवीस वर्षांचा करार कागदावर येण्याआधी जमिनीचा सातबारा कोणाच्या हाती देऊ नये, एवढे मी आग्रहाने सांगेन.

प्रश्न : मग आमच्या मुलांनी या धंद्याची आशाच सोडावी काय?
— एक शेतकरी, मौदा तालुका, जि. नागपूर

उत्तर : अजिबात नाही. फर्नडेलची क्षमता पावणेतीन लाख टनांच्या आसपास होती आणि तेथे कामगार होते सुमारे ७००, यावरून भट्टीला माणसे किती कमी लागतात ते दिसते. त्या धातूपासून पत्रा, फॉइल, वीजवाहक तार, खिडकीच्या चौकटी किंवा सौर पॅनेलच्या कडा बनवणाऱ्या लहान-मोठ्या कारखान्यांत तेवढ्याच मालावर अधिक हातांना काम मिळते.

दुसरा मार्ग भंगाराचा आहे आणि मला तो विदर्भासाठी अधिक जवळचा वाटतो. आपल्या घरात ज्या पातेल्याला आपण जर्मनचा गंज म्हणतो तो ॲल्युमिनियमचाच असतो. असे जुने ॲल्युमिनियम वितळवून पुन्हा वापरण्यास नव्याने धातू काढण्याच्या सुमारे पाच टक्केच ऊर्जा पुरते. शिवाय ही भट्टी आठवडाभर बंद ठेवून पुन्हा पेटवता येते, म्हणून दिवसाच्या सौर विजेशी तिचे जमते. आज भारत परदेशातून मोठ्या प्रमाणावर ॲल्युमिनियमचे भंगार विकत घेतो आणि आपल्या गावातील भंगारवाला मात्र निवडलेला-न निवडलेला माल एकाच भावाने देऊन मोकळा होतो. मिश्रधातू ओळखून वेगळे करण्याचे शिक्षण आणि साधे उपकरण तालुक्याच्या ठिकाणी मिळाले, तर तोच माल चांगल्या दराने जाईल. या विषयाचे ज्ञान दूर नाही. ॲल्युमिनियम संशोधनाला वाहिलेले जवाहरलाल नेहरू केंद्र १९८९ पासून नागपूरजवळ वाडी येथे आहे. आपला मुलगा आयटीआयला जाणार असेल तर त्याला फाउंड्रीमन किंवा इलेक्ट्रिशियन या शाखांची माहिती अवश्य घ्यायला लावावी.

प्रश्न : आमच्या विहिरींत आधीच फ्लोराइड आहे. या कारखान्यातूनही फ्लोराइड बाहेर पडते, असे ऐकले. खरे आहे काय?
— एक अंगणवाडी सेविका, केळापूर तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : भंगार वितळवणाऱ्या भट्टीपेक्षा धातू काढणाऱ्या कारखान्याबाबत हे अधिक खरे आहे. क्रायोलाइट हे फ्लोराइडचेच संयुग असल्याने पॉटमधून फ्लोराइडयुक्त वायू निघतात. ते अडवले नाहीत तर आसपासच्या गवतावर बसतात आणि ते गवत खाणाऱ्या जनावरांचे दात व हाडे निकामी होतात. नव्या कारखान्यांत हे वायू ॲल्युमिनाच्या पुडीतूनच गाळून पुन्हा भट्टीत वळवतात आणि ती यंत्रणा चोख चालली तर त्यांतील बहुतांश भाग अडतो. आपल्या भागात असा प्रकल्प आलाच, तर पर्यावरण मंजुरीपूर्वी जनसुनावणी घ्यावी लागते, तिची किमान तीस दिवस आधी जाहीर सूचना द्यावी लागते आणि अहवालाचा मराठी सारांश गावकऱ्यांना पाहायला मिळतो. त्या सारांशात विहिरींच्या पाण्यातील, चाऱ्यातील आणि जनावरांतील फ्लोराइडची कारखान्यापूर्वीची मोजणी दिली आहे की नाही, हे आपण सर्वप्रथम पाहावे. नसेल तर सुनावणीत तोंडी बोलून न थांबता लेखी हरकत द्यावी आणि तिची पोच घ्यावी.