सगळे खुशीत, मग डिझाइन तेच ते का?

प्रश्न : मी सात जणांच्या पॅकेजिंग डिझाइन टीमचा लीडर आहे. वातावरण खेळीमेळीचं, रुसवेफुगवे नाहीत. पण नवं खोकं ठरवायला बसलो की पंधरा मिनिटांत एकमत होतं आणि हाती येतं गेल्या वर्षीचंच डिझाइन, रंग बदलून. चुकतंय कुठे? (एक वाचक, चाकण)

उत्तर : वातावरणाला हात लावू नका, ते कामाचं आहे. मानसशास्त्रज्ञ ॲलिस आयसेन आणि सहकाऱ्यांच्या १९८७ सालच्या प्रयोगात काही मिनिटांची विनोदी फिल्म पाहिलेल्यांना मेणबत्तीचं कोडं इतरांपेक्षा जास्त सुटलं. हाताशी मेणबत्ती, आगकाड्या आणि खोकंभर टाचण्या. मेण खाली न सांडता मेणबत्ती भिंतीला लावायची. युक्ती अशी, की खोकंच रिकामं करून भिंतीला टाचायचं आणि त्यात मेणबत्ती उभी करायची. (तुमच्याच धंद्यातलं कोडं!)

पण तिथे ज्याचं त्याने सोडवायचं होतं. टीममध्ये मूड एकाचा दुसऱ्याला लागतो, लीडरचा तर पटकन. पहिलं स्केच पाहून तुम्ही खुलला, की मजेत बसलेल्या मंडळींना त्यात खोट काढवत नाही. शिवाय एक बोलतो तेव्हा सहा जण ताटकळतात आणि आपलं सुचलेलं विसरतात.

म्हणून माप, वजन आणि खर्चाची मर्यादा फळ्यावर लिहा. मग १० मिनिटं बोलणं बंद. प्रत्येकाने पाच चिठ्ठ्या लिहायच्या. एका चिठ्ठीवर एक कल्पना, नाव नाही. तीनवर थांबू नका, पहिल्या दोन-तीन बहुधा जुन्याच निघतात. तुमच्याही चिठ्ठ्या त्यातच मिसळा. अक्षर ओळखू येतं, तेव्हा एकानेच सगळ्या ३५ वाचून दाखवाव्यात. तुमचं मत सर्वांत शेवटी.

निवड दुसऱ्या दिवशी. तेव्हा एकाकडे फक्त खोट काढायचं काम द्या, दर वेळी वेगळ्याकडे. नाहीतर तो कायमची 'नकारघंटा' ठरतो.

प्रश्न : मूड राहावा म्हणून दर शुक्रवारी पार्टी ठेवली तर?

उत्तर : समोसे जरूर मागवा, पण हुकमी हसू लगेच ओळखू येतं. कुरकुर मात्र दाबू नका. 'फ्लॅप उघडताना फाटतो' असं कोणी वैतागून म्हणालं, तर पुढच्या बैठकीचा विषय तोच.