७० मिमीचं काडतूस आत बसलं म्हणजे ते तुमच्या दुनळीचं झालं असं नाही

दादा, तुम्ही लिहिलंय की राजापूरकडच्या घरातली आजोबांची बारा बोअरची विलायती दुनळी रीतसर तुमच्या परवान्यावर चढली, नवी ७० मिमीची काडतुसं आणली, आणि आता दर बाराला खांदा हादरतो, काडतुसाची रिकामी केस (बाहेरचं नळकांडं) नळीत अडकते, काठीने ढकलून काढावी लागते. हीच लक्षणं मी पाहिली होती आणि 'जुनी बंदूक आहे, धक्का देणारच' म्हणून सोडून दिली होती. तेवढं दुर्लक्ष मला सगळ्यात महाग पडलं. चेंबर (नळीचा काडतूस बसतं तो मागचा भाग) मोजून होईपर्यंत एकही बार काढू नका.

बंदूक उघडून रिकामी आहे याची खात्री करणं, नळ्या उतरवणं हे तुम्हाला येतं असं धरतो.

घोळ काडतुसाच्या मापात आहे. ६५ किंवा ७० मिमी हा आकडा भरलेल्या काडतुसाचा नसतो, तो बार झाल्यावर तोंड उलगडलेल्या केसचा असतो. ६५ची केस बरेचदा गोल वळवून बंद केलेली असते, ७०ची बहुधा पाकळ्या दुमडून. त्यामुळे भरलेली दोन्ही काडतुसं ५८-६० मिमीच्या आसपास येतात, शेजारी उभी केली तर फरक डोळ्यांना दिसत नाही. ७०चं काडतूस ६५साठीच्या २½ इंची चेंबरमध्ये अलगद उतरतं, बंदूक खटकन बंद होते, आणि माणूस समजतो की जमलं.

बार उडाल्यावर पाकळ्या उलगडायला जागा लागते. २½ इंच म्हणजे ६३.५ मिमी, काडतुसावर तेच ६५ म्हणून लिहितात. त्यापुढे चेंबर निमुळता होत नळीच्या १८.५ मिमीपर्यंत येतो. केसचं तोंड त्या उतारात उलगडतं, वाट अरुंद करतं, आणि छर्रे व त्यामागचा डाट तिथून रेटून जातात. दाब वाढतो. त्यात ७०च्या काडतुसात छर्रेही बहुधा जास्त असतात. २½ इंचीचा नेहमीचा भार ३० ग्रॅमच्या आसपास, ७०मध्ये ३२ ते ३६ ग्रॅम सर्रास मिळतो.

तुमच्याकडच्या रिकाम्या केस टाकल्या नसतील तर एक उजेडात धरा. नीट उडालेल्या केसचं तोंड सरळ, एकसारखं असतं. अडकलेल्या केसची कड पातळ ताणलेली, दशा निघालेली आणि एका पट्ट्यात काळपट भाजलेली दिसते. असं दिसलं तर माझ्या मते शंका फारशी उरत नाही.

तरी मोजाच. उत्तम म्हणजे परवानाधारक कारागिराकडचा चेंबर गेज, म्हणजे चेंबरची लांबी मोजायचं साधन. तो नसेल तर २०.२ मिमी रुंदीची, कडा गुळगुळीत केलेली पितळी पट्टी मागून आत सरकवा. उतार सुरू होतो तिथे ती थांबते. नळीच्या मागच्या तोंडाशी खूण करा आणि व्हर्नियरने मोजा. ६३-६४ आलं तर २½ इंच, ७०च्या आसपास आलं तर २¾ इंच, म्हणजे ७०च्या काडतुसाचा. दोन्ही नळ्या वेगवेगळ्या मोजा. जोर लावू नका, आत जमलेला गंज किंवा काजळी पट्टी आधीच अडवते.

नळ्यांच्या खालच्या सपाट बाजूवरचे, नळी दाबाच्या चाचणीत उतरल्याचे ठसेही बघा. १९२५च्या नियमांनंतरच्या ब्रिटिश ठशांत चेंबरची लांबी कोरलेली असते. त्याआधीच्या बंदुकीवर शंकरपाळ्याच्या आकारात १२ आणि खाली 'सी' असेल, तर चेंबर ३ इंचांपेक्षा कमी एवढंच कळतं. २½ की २¾ ते त्यावरून ठरत नाही. आणि नायट्रो पावडरच्या (आजच्या बिनधुराच्या दारूच्या) चाचणीचा ठसाच नसेल तर आजचं कुठलंच काडतूस त्यात घालू नका.

परवान्यावर नुसतं '१२ बोअर डीबीबीएल' (मागून भरायची दुनळी) असतं. ज्या कार्यालयात मी चेंबरची लांबी नोंदवा म्हणून अर्ज केला, तिथे 'बारा बोअर म्हणजे बारा बोअर' एवढंच उत्तर मिळालं. दुकानातही परवाना बघून ७०ची पेटी समोर ठेवली, चेंबर कुणीच विचारला नाही. तेव्हा विचारायचं आपणच: ६५ मिमी द्या, किंवा २½ इंची चेंबरला चालतं असं पेटीवर स्पष्ट छापलेलं द्या. केस थोडी लांब असूनही तसं छापलेली काडतुसं असतात, म्हणून पेटी वाचा.

दोन उपाय तुम्हाला हमखास सुचवले जातील, दोन्ही टाळा. एक, चेंबर कोरून लांब करणं: नळीची भिंत नेमकी जास्त दाबाच्या जागी पातळ होते आणि जुनी चाचणी निरर्थक ठरते. दुसरा, ७०च्या काडतुसाचं तोंड कापून ते पुन्हा वळवणं: आतला भार तसाच राहतो, आणि परवान्याशिवाय काडतूस बनवणं हा शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे.

आत्तापर्यंत किती बार काढलेत ते लिहिलं नाहीत. पुढची लाकडी मूठ काढा, बंदूक बंद करून नळ्या हलवून बघा. कटकट जाणवली, किंवा नळ्या आणि मागची भिंत यांच्यात उजेड दिसला, तर सांधा ढिला झालाय. माझ्या बंदुकीत हेच झालं, आणि दुरुस्तीचा खर्च बंदुकीच्या किमतीपुढे गेला. मी कारागीर नाही. शेवटचा निर्णय बंदूक हातात घेऊन बघणाऱ्याचाच.

जाता जाता, आपल्या हवेसाठी: काडतुसं चामड्याच्या पट्ट्यात खोचून ठेवू नका. चामड्यातल्या आम्लाने पितळेचं बूड कळकतं, हिरवं चढतं, आणि कड फुगली की ते काडतूस बसतच नाही. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल घालून ठेवा. कागदी केसची जुनी काडतुसं पावसाळ्यात फुगतात, ती वापरू नका. निवडणुकीत बंदूक जमा करताना नळ्यांना आतबाहेर तेल लावा आणि पोचपावतीवर नळ्यांचा क्रमांक व स्थिती लिहून घ्या. 'नळ्यांत गंज नाही' हे शब्द त्यात यायलाच हवेत.