प्रयोगशाळेत हात किती चालतो ते बघून कॉलेज निवडा

तासगाव तालुक्यातल्या एका द्राक्षबागायतदार वडिलांचं पत्र आलं आहे. ते थोडक्यात असं : मुलगी बारावी सायन्स ६४ टक्क्यांनी पास झाली. नीटला जमलं नाही आणि पुन्हा बसायची तिची इच्छा नाही. प्रॅक्टिकलची आवड आहे, गणिताची मात्र धास्ती आहे. ती बी.एस्सी. बायोटेक्नॉलॉजी म्हणते. पाहुणे म्हणतात, बायोटेकला नोकऱ्या नाहीत, त्यापेक्षा डीएमएलटी, म्हणजे दवाखान्याच्या लॅबमधल्या तपासण्यांचा डिप्लोमा, करून तालुक्याला स्वतःची लॅब टाकू द्या. 'लॅब टेक्निशियन म्हणजे शेवटी रक्त काढायचंच काम ना? आणि त्यासाठी पोरीला पुण्याला ठेवायचं का?'

दादा, नमस्कार.

रक्त तपासणारा टेक्निशियन आपल्याला दवाखान्यात दिसतो, म्हणून तेवढाच डोळ्यासमोर येतो. पण तुमची बागही टेक्निशियनच्या कामावरच चालते. फळछाटणीआधी तुम्ही काड्या तपासायला देता. तिथं कुणीतरी काडीवरचा एकेक डोळा, म्हणजे अंकुर, ब्लेडनं चिरून सूक्ष्मदर्शकाखाली धरतं आणि कितव्या डोळ्यात घड आहे, कितव्यात नुसती बाळी, म्हणजे फळ न देणारा तणावा, आहे, हे कागदावर लिहून देतं. तो कागद बघून तुम्ही कात्री कुठं लावायची ते ठरवता. २०१० साली युरोपात आपल्या द्राक्षांमध्ये क्लोरमेक्वाटचे, म्हणजे तुम्ही ज्याला सीसीसी म्हणता त्या वाढरोधकाचे, अंश सापडले आणि माल अडकला, हेही आठवत असेल. तिकडची मर्यादा किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम होती. एवढासा अंश बिनचूक पकडायचा तर नमुना कसा दळला, किती तोलला, कुठल्या बाटलीत ठेवला, सगळ्याला महत्त्व येतं. हे काम टेक्निशियनचं. डॉक्टर किंवा शास्त्रज्ञ होता आलं नाही म्हणून पत्करायचं हे काम नव्हे. तो स्वतंत्र कसब असलेला पेशा आहे.

आता पाहुण्यांचा सल्ला. डीएमएलटी चांगला अभ्यासक्रम आहे, पण तो दवाखान्याच्या लॅबसाठी आहे. 'करा आणि लॅब टाका' हे मात्र इतकं सरळ नाही. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०१७ मध्ये स्पष्ट केलं आहे की पॅथॉलॉजीच्या रिपोर्टवर सही पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच हवी. म्हणजे पॅथॉलॉजिस्टशिवाय तिला एकटीला लॅब चालवता येणार नाही. रुग्णालयात काम करायची तिला मनापासून आवड असेल तर जरूर डीएमएलटी घ्या. तेव्हाही संस्था मान्यताप्राप्त आहे का आणि पुढं पॅरामेडिकल कौन्सिलकडे नोंदणी होते का, हे लेखी बघा. 'शंभर टक्के प्लेसमेंट' लिहिलेल्या फ्लेक्सवर जाऊ नका.

बायोटेकबद्दल माझं मत पाहुण्यांपेक्षा वेगळं आहे, आणि मुलीपेक्षाही. नोकरी अडते ती बायोटेक या विषयामुळे नाही. तीन वर्षं शिकून मुलांच्या हाताला सवयच लागत नाही, तिथं सगळं अडतं. जर्नल मागच्या वर्षीच्या मुलांचं उतरवून काढायचं, ऑटोक्लेव्ह, म्हणजे वाफेनं निर्जंतुक करायचं यंत्र, लांबून बघायचा, वीस जणांत एक मायक्रोपिपेट, म्हणजे अगदी थोडा द्रव मापून घ्यायचं साधन. अशी पदवी घेऊन मुलगी मुलाखतीला जाते, समोरचा पिपेट हातात देतो आणि पहिल्या मिनिटाला सगळं कळतं. मायक्रोपिपेटच्या बटणाला दोन टप्पे असतात. द्रव ओढताना पहिल्या टप्प्यापर्यंतच दाबायचं, सोडताना दुसऱ्यापर्यंत. नवखी मुलं ओढतानाच दुसऱ्या टप्प्यापर्यंत दाबतात आणि मापापेक्षा जास्त द्रव घेतात. पुस्तकात हे दोन ओळींत येतं, पण शेकडो वेळा केल्याशिवाय अंगवळणी पडत नाही.

टिश्यू कल्चरचंही, म्हणजे बाटलीत कोंबापासून रोपं वाढवण्याचंही, तसंच. कोंबाला पोसणारं माध्यम बनवायचं, त्याचा पीएच ५.८ च्या आसपास आणायचा, १२१ अंशांवर पंधरा-वीस मिनिटं ऑटोक्लेव्ह करायचं, मग लॅमिनारसमोर, म्हणजे गाळलेली स्वच्छ हवा सोडणाऱ्या टेबलासमोर, बसून चिमटा ज्योतीत तापवून, गार करून कोंब कापायचे. हे दिवसभर, न कंटाळता. एका बेसावध हालचालीनं बाटलीत बुरशी शिरते आणि चार दिवसांनी कापसासारखी वर येते. तुमच्या शेजाऱ्यानं केळीची टिश्यूची रोपं लावली असतील तर ती अशाच कुणाच्या तरी हातातून आलेली असतात.

म्हणून माझा सल्ला असा : अभ्यासक्रमाचं नाव दुय्यम धरा. चांगली लॅब असलेल्या अनुदानित कॉलेजातली मायक्रोबायोलॉजी किंवा केमिस्ट्रीची बी.एस्सी. मला नुसत्या नावाच्या बायोटेकपेक्षा कितीतरी भक्कम वाटते. दूध, अन्न, पाणी, औषधं तपासणाऱ्या लॅबमध्ये याच दोन विषयांना मागणी असते. बायोटेकची लॅब खरोखर चालती असेल तर तेही घ्या, माझी हरकत नाही.

हे ओळखायचं कसं? प्रवेशाआधी मुलीला घेऊन दोन-तीन कॉलेजात दुपारी, प्रॅक्टिकल चालू असताना जा. माहितीपत्रक मागू नका, लॅब बघायची परवानगी मागा. एका बॅचला किती मुलं, पिपेट किती, ऑटोक्लेव्ह शेवटचा कधी लावला, हे मुलीनं विचारावं. वह्या बघा. खरं काम झालेल्या वहीत खोडलेले आकडे असतात, आणि चांगल्या ठिकाणी ते एकच रेघ मारून, शेजारी सही-तारीख घालून खोडलेले असतात. व्हाइटनर लावलेला आकडा औषध कंपनीच्या लॅबमध्ये चालत नाही. शेवटच्या वर्षात ओजेटीला, म्हणजे प्रत्यक्ष कामावरच्या प्रशिक्षणाला, मुलं कुठं जातात, हेही विचारा. कागदावर सही आणून भागवतात की खरोखर महिना-दोन महिने कामाला बसवतात, हे तिथली मोठी मुलं खरं सांगतील.

गणिताची धास्ती मी हलक्यात घेत नाही, कारण लॅबमध्ये गणित सुटत नाही. ते दहावीच्या वरचं मात्र नसतं. दहापट विरलन करायचं तर एक मिली नमुना नऊ मिली पाण्यात घालायचा. दहा मिलीत घातला तर ते अकरापट होतं, आणि हीच चूक सगळ्यात जास्त होते. गुणोत्तर, टक्केवारी, मोलॅरिटी (द्रावणाची तीव्रता) एवढं तिनं सुट्टीत रोज अर्धा तास कागदावर करावं. घरी फवारणीचं औषध मोजायचं काम तिच्याकडे द्या. लिटरला दोन मिली तर दोनशे लिटरच्या टाकीला किती, हेच गणित ती पुढं करणार आहे.

पुण्याला जावंच लागेल असं नाही. आपल्याकडे साखर कारखान्यांच्या लॅब गळीत हंगामात तीन पाळ्यांत चालतात, डिस्टिलरीत यीस्टवर नजर ठेवायला माणूस लागतो, दूध संघ आहेत, माती-पाणी-देठ तपासणीच्या लॅब आहेत. सांगलीच्या हळदीला २०१८ साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, तिथं करक्युमिन हे हळदीतलं पिवळं द्रव्य तपासावं लागतं. शेजारच्या फलटणला निंबकर कृषी संशोधन संस्थेनं जुळी कोकरं देणारं जनुक डीएनए तपासणीनं ओळखून 'नारी सुवर्णा' मेंढी तयार केली. टिश्यू कल्चर मोठ्या प्रमाणावर बघायचं असेल तर पुण्याजवळ मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे. सुरुवातीचा पगार मात्र कमी असतो आणि बऱ्याच जागा कंत्राटी असतात, ही तयारी ठेवा. पुढं औषधांचे बारीक अंश मोजणारं एलसी-एमएससारखं यंत्र स्वतः चालवता आणि दुरुस्त ठेवता येणाऱ्याला लॅब सहसा सोडत नाहीत. त्या टप्प्यावर दोन वर्षं पुण्यात काढावी लागली तर तेव्हा ती कमावती असेल.

खर्चाचं तुम्ही विचारलं नाही, पण सांगते. बायोटेकचे वर्ग बऱ्याच कॉलेजात विनाअनुदानित असतात, फी साध्या बी.एस्सी.पेक्षा बरीच जास्त पडते. मुलींना फीमाफीचा २०२४ चा शासन निर्णय व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आहे. बी.एस्सी.लाही तो लागू होईल असं गृहीत धरू नका. कॉलेजच्या कार्यालयात तीन वर्षांची पूर्ण फी आणि महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर कोणती शिष्यवृत्ती बसते, हे लिहून घ्या. उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढायला टाका, प्रवेशाच्या आठवड्यात तहसीलला रांग असते.